जीप आली नाही

मुबीनच्या नातीचा, रुखसारचा, निकाह होऊन ती नागभीडला सासरी गेली, त्याच साली, म्हणजे 2022 च्या दिवाळीच्या तोंडावर, चंद्रपुरात मुबीनचा सत्कार ठरला. लग्नाची मिठाई अजून डब्यात होती. मांडववाल्याच्या काही खुर्च्या अंगणात राहून गेल्या होत्या. त्या न्यायला तो येत नव्हता, म्हणून त्यांच्यावर कपडे वाळत होते.

सत्कार जमवून आणला कय्यूमनं. मुबीनचा हा थोरला. मुलीच्या लग्नात गावातले मोठे लोक घरी जेवून गेले, तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसलं की बापाचं नाव गावाला कळलं पाहिजे. भोंगेवाल्याचा पोरगा मुंबईला जाऊन साउंड रेकॉर्डिस्ट झाला, मग प्रोडक्शन मॅनेजर झाला, अख्खी शूटिंग आपल्या जंगलात घेऊन आला. आणि त्याला ओळखतो कोण, तर दूधवाला आणि मशिदीतले म्हातारे. कय्यूमनं एक संस्था गाठली. तो जुना जंगलवाला सिनेमा इकडं कधी लागलाच नव्हता; आता कुठल्याशा गोदामात सापडून साफ होऊन आला होता, त्याची नक्कल मिळवली. संध्याकाळी हॉलमध्ये सिनेमा, मध्यंतरात शाल-श्रीफळ, असं ठरलं.

त्या दिवशी सकाळी त्यानं पेनड्राइव्ह घरच्या टीव्हीला लावला. मुबीन आरामखुर्चीत होता, त्याची बायको नजमा खाली बसून लसूण सोलत होती. मुलगी नाहीद आदल्या दिवशीच गडचांदूरहून आली होती. तिथल्या शाळेत ती शिकवते.

सिनेमात नायक वाट चुकतो. मोहाच्या झाडाखाली मोळी डोक्यावर घेतलेली एक तरुण बाई उभी आहे. ती वळते. उतरतं ऊन तिच्या तोंडावर येतं. डोळ्यांत काळजी, ओठ हलतात, आणि आवाज येतो: "बाबूजी, आगे मत जाना. ये जंगल किसी को लौटाता नहीं."

"पाह्य, सुकरीचाची," कय्यूम म्हणाला. "काय दिसते! हेच लच्छूले दाखवायचं हाये."

"दिसते तर," नजमा म्हणाली. "बोलून कोण राह्यली?"

कय्यूमला कळलं नाही. मुबीननं रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"बंद काऊन केला? सांगा ना पोराले. त्यानं त्या बाईले बसमध्ये बसवून बोलावलं. दुपारी येऊन बसेल ती."

"डबिंग हाये," मुबीन म्हणाला. "सगळ्या सिनेमात असते."

"म्हणजे हा आवाज सुकरीचाचीचा नाई?" नाहीदनं विचारलं.

नजमा लसूण सोलत राहिली. पाकळ्यांपेक्षा सालं जास्त उडत होती.

सुकरी बोडीटोल्याची. पोंभुर्ण्याच्या पुढं जंगलात तिचं घर. तिचा नवरा बुधू शूटिंगच्या वेळी मुबीनचा उजवा हात होता. वाटा त्याच्या, बैलगाड्या त्याच्या, माणसं त्यानं गोळा केलेली. शूटिंग संपली, पण दोन्ही घरांचं येणं-जाणं संपलं नाही. बुधू गेला तेव्हा मातीला मुबीन होता. रुखसारच्या लग्नात सुकरीचा मुलगा लच्छू आठवडाभर राबला. आणि दोन वर्षांमागे सुकरीच्या घशात गाठ निघाली, तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात नजमा तिच्या उशाशी होती. डॉक्टरनं गाठीबरोबर आवाजाची नळीच काढली. आता सुकरीच्या गळ्याला भोक आहे, त्यावर ती पांढरा कपडा बांधते. ओठ हलवते, आवाज येत नाही. घरचे तिचे ओठ वाचायला शिकले.

म्हणून कय्यूमनं लच्छूला मोठ्या आनंदानं फोन केला होता. तुझ्या मायचा आवाज आमच्याकडे आहे, ये आणि ऐक.

"मले आधी काऊन नाई सांगितलं?" कय्यूम आता बापावर उखडला.

"तू विचारलं का? सत्कार ठरवून मोकळा झाला. हॉल ठरवला, हार ठरवला. माझ्याशी बोलला तो कपडे कोणते घालाल एवढंच."

"तुम्हीच तर जन्मभर सांगत आले, चाचीचा आवाज जगात फिरला म्हणून."

कय्यूम येरझाऱ्या घालू लागला. मग थांबून म्हणाला, "ठीक हाये. काय बिघडते? अब्बा, तुम्हीच सांगता ना, टेपवर स्वतःचा आवाज पह्यल्यांदा ऐकला का कोणालेच वळखू येत नाई. जो तो म्हणते, हा मी नव्हे. चाचीलेही तसंच वाटेल. आणि तिचा जवानीतला आवाज आता कोणाच्या कानात राह्यला?"

"माझ्या कानात हाये," नजमा म्हणाली.

"तू गप राहा ना अम्मी, एक दिवस."

"गपच तर राह्यली. तू पोटात होता तेव्हापासून गप राह्यली."

नाहीद आईच्या बाजूची. लहानपणापासून तसंच होतं. पण या वेळी ती म्हणाली, "अम्मी, भाई बरोबर बोलून राह्यला. तिच्याकडे आता काहीच नाई. एवढं तरी मिळू दे तिले."

"काय मिळू दे? दुसरीचा आवाज? उद्या तुझा पाय कापला तर शेजारणीचा आणून लावू का?"

नजमा उठली आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "ती आली का तुम्ही सांगान. तिच्या तोंडावर. आणि जीपचंही सांगान."

"मी काई सांगत नाई," मुबीन म्हणाला. "काम होतं ते. कामात असंच होते."

काम. हा शब्द त्यानं आयुष्यभर वापरला. बापाचं भोंग्यांचं दुकान होतं. लग्न असो, उरूस असो, निवडणूक असो, भोंगा त्यांच्याकडूनच. मुबीन शाळेत कमी आणि दुकानात जास्त वाढला. अठराव्या वर्षी मुंबईला गेला. एका स्टुडिओत केबल गुंडाळायला लागला, मग लांब काठीला माइक बांधून नटांच्या डोक्यावर धरायला लागला, आणि काही वर्षांनी हेडफोन लावून मशीनपुढं बसला. तेव्हा सेटवर त्याचा शब्द चाले. त्यानं हात वर केला की नायकसुद्धा खोकला गिळायचा. मग नवे हलके कॅमेरे आले. ते शिलाई मशीनसारखे खडखडत. त्या खडखडाटात घेतलेला आवाज पडद्यावर जाईना; तो फक्त खुणेपुरता. नंतर सगळे बंद खोलीत उभे राहून, पडद्याकडे बघत, तेच पुन्हा बोलत. मुबीनला ते शिवीसारखं लागलं. माणूस रडतो उन्हात आणि आवाज भरतो पंख्याखाली, असं म्हणून त्यानं मशीन सोडलं आणि प्रोडक्शन धरलं. ट्रक, तंबू, आचारी, परवानग्या. तिथंही तो नावाजला. कुठलंही अडलेलं काम मुबीनकडे द्या, संध्याकाळपर्यंत निघतं, असं लोक म्हणायचे. काम निघायचं. कसं निघालं हे तो विचारू देत नसे.

*

लच्छू आला तो दुपारी. एका हातात सीताफळांची टोपली, दुसरा हात मायच्या दंडाला. मागून त्याची मुलगी दिव्यानी, गोंडपिपरीच्या कॉलेजात शिकणारी. तिनं नवा फोन दोन्ही हातांत धरला होता.

या घरात शिरताना लच्छूला नेहमी थोडं अवघडायचं. लोक चांगले होते. जेवू घालायचे, जुने कपडे द्यायचे, पोरांच्या ॲडमिशनला धावायचे. पण लग्नात आठवडाभर राबलेल्या माणसाला फोटोच्या वेळी कोणी हाक मारली नव्हती, हे त्याच्या मनात राहून गेलं होतं. आज तसं वाटलं नाही. आज तो राबायला किंवा काही मागायला आला नव्हता. आज या घरात त्याच्या मायचं काहीतरी होतं.

"या, या, सुकरीबाई," मुबीन म्हणाला आणि पुन्हा खिडकीकडे बघू लागला.

नजमानं सुकरीला जवळ घेतलं. तिच्यासाठी भात पातळ शिजवला होता, वरणात घोटून ठेवला होता. सगळे चटईवर जेवायला बसले. सुकरी सावकाश एकेक घास घ्यायची. घास उतरला की गळ्याच्या कपड्यावर हात ठेवायची.

"चाची, तब्येत मस्त दिसते," कय्यूम म्हणाला. तो हे जरा ओरडूनच म्हणाला.

सुकरीनं ओठ हलवले.

"आजी म्हणते, मले ऐकू येते, ओरडू नको," दिव्यानी म्हणाली, आणि हसली.

"किती वाजता हाये सिनेमा?" लच्छूनं विचारलं. "मी टोल्यातल्या सगळ्याइले सांगून आलो. झाडूबुवा म्हणे, मीबी येतो. म्हटलं, बस थांबणार नाई तुमच्यासाठी."

"सहा वाजता."

"हिनं तर फोनची सगळी जागा खाली करून ठेवली." त्यानं मुलीकडे बोट केलं. "आजीचा आवाज भरून नेतो म्हणते. हिले आजीचा आवाज आठवते तो गाठीच्या दिवसातला, घोगरा. मीबी खरा आवाज विसरूनच गेलो. माय आठवते, तिचं ओरडणंबी आठवते, पण आवाज म्हणून कानात येत नाई."

कय्यूमनं नाहीदकडे पाहिलं. बघ, असं त्या बघण्यात होतं.

"पण शब्द पाठ हायेत मले," लच्छू म्हणाला. "माय लहानपणी रोज सांगे. शूटिंग चालू होती आणि मी तिकडं आजीच्या मांडीवर रडून राह्यलो होतो. तर माय सांगितलेलं बोलायचं विसरली आणि मलेच हाक मारली. 'उगी राय, लच्छू. आलीच मी.' तेच सिनेमात घेतलं म्हणे. मी शाळेत सांगो तर पोरं मारत मले. म्हणत, सिनेमात तुझं नाव कायले राहील, बे."

मुबीनच्या हातातला घास ताटात परत गेला.

लच्छूनं ते पाहिलं. त्याला वाटलं, म्हातारा माणूस आहे, जेवण जात नसेल.

*

जेवणं झाल्यावर सुकरी मधल्या पडवीत जाऊन टेकली. दिव्यानी आणि लच्छू बाहेर अंगणात खुर्च्यांवर बसले. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. दार उघडंच होतं.

सुकरीला एक गोष्ट ऑपरेशनपासून कळली होती. बोलता येत नसलं की लोक माणसाला बहिरं समजतात. बँकेतला बाबू तिच्यासमोर तिच्याबद्दल बोले. नर्स बोले. तिची स्वतःची सूनही बोले. आधी तिला राग यायचा. मग त्याचा उपयोग कळला.

"आता तर झालंच," कय्यूमचा आवाज आला. "त्याले शब्दबी पाठ हायेत. आता कसं खपवायचं?"

"खपवायचं," नजमा म्हणाली. "त्याच्या मायले विकून राह्यला का तू?"

"अम्मी, हळू."

"हळू कायले? ते दोघं बाहेर बसले हायेत."

"त्या सीनच्या वेळी बटन दाबतो. लाईट गेली म्हणू."

"चंद्रपुरात? एवढं मोठं पावर हाऊस डोक्यावर धूर सोडून राह्यलं आणि तुझी लाईट गेली? बरोबर सुकरी बोलायच्या वेळी?"

"मग तूच सांग काय करू. पाहुणे येऊन राह्यले, पेपरात फोटो येणार हाये."

"अब्बाले विचार," ही नाहीद. तिचा आवाज बदललेला होता. "अब्बा, तिनं पोराले हाक मारली होती. तुम्हाले माहीत होतं?"

"सेटवर मीच होतो ना," मुबीन म्हणाला. "पोर रडत होतं. ऊन उतरून राह्यलं होतं, दुसरा टेक झाला नाई. मुंबईत एडिटरले तेच तोंड पाहिजे. म्हणे, अशी काळजी कोणाच्या तोंडावर येत नाई, बोल आपण दुसरे टाकू. तेव्हा ठरलं का हिलेच बोलावू डबिंगले."

"ठरलं होतं ना?" नजमा म्हणाली. "मी इथी तिच्यासाठी साडी काढून ठेवली. तुम्ही बुधूभाऊले निरोप धाडला, जीप येते, बाईले तयार ठेवा. मग?"

"मग काय. स्टुडिओत एक पोरगी बसून होती. दुसऱ्या सिनेमाले आलेली. तिनं दोन मिनिटात करून दिलं. काम झालं."

"आणि जीप?"

"जीपची गरज राह्यली नाई."

"तिले सांगायचीबी गरज राह्यली नाई?"

"काय सांगू? तुझं तोंड घेतलं आणि आवाज फेकून दिला, हे सांगू? म्हटलं, तुझा आवाज पह्यल्याच वेळी चांगला आला, मुंबईले यायची गरज नाई. ती खूश झाली. बुधू खूश झाला. कोणाचं काय गेलं?"

सुकरी पडवीत ताठ बसली होती.

तिला फाट्यावरचं ते मोहाचं झाड आठवलं. हिरवं लुगडं नेसून ती पहाटे तिथं जाऊन बसली होती. लच्छू सासूजवळ. छातीत दूध दाटून आलेलं. बुधू रस्त्यावर जाऊन कान लावायचा, जीपचा आवाज येतो का म्हणून. दिवस बुडाला. बुधू म्हणाला, पंक्चर झाली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसली. गावातल्या बाया पाण्याला जाता-येता विचारायच्या, काय मुंबईवाली, गेली नाई का अजून? नंतर मुबीनभाऊ येऊन सांगून गेला आणि बुधूनं गावभर सांगितलं, माह्या बाईचा आवाज पह्यल्याच वेळी पास झाला. ती मानानं राहिली. लग्नात गाणं म्हणायला बसली की म्हणायची, हा आवाज मुंबईत ठेवलेला हाये. गाठ निघाली तेव्हाही, डॉक्टरनं सांगितलं तेव्हा, ती रडली नाही. तिनं मनात म्हटलं, एक तिकडं आहे.

ती उठली. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. आधी नजमानं पाहिलं, मग सगळ्यांनी.

सुकरीनं चौकटीवर हात आपटला. अंगणातून लच्छू आणि दिव्यानी धावत आले. सुकरी सगळ्यांना ओलांडून पुढच्या खोलीत गेली आणि टीव्हीच्या काचेवर बोटाचं हाड वाजवलं.

"आजी म्हणते, लावा," दिव्यानी म्हणाली.

"आता कायले, संध्याकाळी..." कय्यूम म्हणाला.

सुकरीनं पुन्हा काच वाजवली.

नाहीदनं रिमोट घेतला आणि सिनेमा त्या जागी नेऊन लावला. दिव्यानीनं फोन पुढं धरला. मोहाचं झाड आलं. बाई वळली. "बाबूजी, आगे मत जाना. ये जंगल किसी को लौटाता नहीं."

"हे काय?" लच्छू म्हणाला. "हे तर हिंदी हाये. मायले हिंदी कुठी येत होती?"

तो नाहीदकडे वळला.

"पुन्हा लावा."

पुन्हा तोच आवाज आला, गोड, शिकलेला, प्रत्येक शब्द धुतलेला. लच्छूनं मायकडे पाहिलं. सुकरीनं नाहीदच्या हातातला रिमोट घेतला. कोणतं बटण ते तिला माहीत नव्हतं. तिनं दिव्यानीपुढं रिमोट धरला आणि आपल्या कानावर हात ठेवला. दिव्यानीनं आवाज बंद केला.

तिसऱ्या वेळी खोलीत नुसता पंखा फिरत होता. मोहाचं झाड. बाई वळली. ओठ हलले.

दिव्यानी दोन वर्षं हेच ओठ वाचत आली होती. ते ओठ तेव्हा भरलेले होते, आता सुरकुतलेले, पण हलण्याची रीत तीच, उजवा कोपरा आधी उचलायचा. तिला ते पाहता पाहता कळलं, आणि ती मोठ्यानं वाचत गेली, जशी रोज घरात वाचायची:

"उगी राय, लच्छू. आलीच मी. उगी राय ना, बाबू."

लच्छू टीव्हीजवळ जाऊन उभा राहिला. काचेवर पुढचं दृश्य चालू झालं होतं, नायक घोड्यावर बसत होता. लच्छू त्याच्याकडेच बघत राहिला. मग मागं वळला.

"चाचा," तो म्हणाला, "माहा बाप तुमच्यासाठी गाड्या जुंपून मेला. मी तुमच्या घरची भांडी उचलली. त्याचं काई नाई. पण मायच्या तोंडात माह्यं नाव होतं, ते काढून तुम्ही दुसरीचं बोलणं कोंबलं. आणि वरून सांगितलं का तेच हाये."

"लच्छू, तो धंदाच तसा..."

"धंदा मले नका सांगू."

"त्या वेळी तू अंगावरचं पोर होता. तुले काय समजते, शूटिंग थांबली तर..."

"मीच रडलो म्हणून ना?" लच्छू म्हणाला. "मी रडलो म्हणून मायचा आवाज गेला, असं म्हणून राह्यले तुम्ही?"

मुबीन मागं सरून आपल्या खुर्चीत बसला. आयुष्यभर त्याच्याकडे प्रत्येक माणसासाठी उत्तर तयार असायचं. आचाऱ्यासाठी वेगळं, रेंजरसाठी वेगळं.

सुकरी त्याच्या खुर्चीसमोर आली. ओठ हलले. मुबीननं त्यांच्याकडे पाहिलं आणि दिव्यानीकडे पाहिलं. एवढी वर्षं लोकांच्या आवाजात घालवली, पण हे त्याला वाचता येत नव्हतं.

"आजी विचारते," दिव्यानी म्हणाली, "जीप काऊन नाई धाडली?"

"गरज नव्हती म्हणून," मुबीन म्हणाला.

सुकरीनं मान हलवली. ऐकलं, एवढंच त्या मानेत होतं. मग ती नजमाकडे वळली आणि तिच्याकडे फार वेळ बघत राहिली. नजमानं तिचा हात धरायला हात पुढं केला. सुकरीनं आपले हात पदरात घेतले.

"सुकरीबाई, मी रोज म्हणत होती यांना, सांगा म्हणून."

सुकरीचे ओठ हलले.

"काय म्हणते ती?" नजमानं विचारलं.

"म्हणते, तुले तर तोंड होतं."

*

सुकरी आणि लच्छू चारच्या बसनं निघून गेले. सीताफळांची टोपली तशीच दारात राहिली. सुकरीनं जाताना दिव्यानीला थांबवलं होतं. तू पाहून ये, असं सांगितलं होतं. दिव्यानीला थांबायचं नव्हतं. पण आजीपुढं तिचं चालत नसे.

हॉल भरला होता. कय्यूम दारात उभा राहून पाहुण्यांना नमस्कार करत होता आणि बापाला मनात शिव्या देत होता. सत्कार ठरतानाच अब्बा बोलले असते तर काहीतरी वाट काढली असती. लच्छूसारखा माणूस तुटला. अम्मी आली नाही. नाहीद आली, पण भावाशी न बोलता दिव्यानीला घेऊन मागं जाऊन बसली. आणि हा म्हातारा मात्र शेरवानी घालून आला. कय्यूमनं त्याला म्हटलं होतं, तब्येत बरी नाही म्हणून सांगतो, तुम्ही घरी राहा. मुबीन म्हणाला होता, मी येणार.

पहिल्या रांगेत त्याच्यासाठी सोफा होता. मुबीन तिथं बसलाच नाही. काठी टेकत मागं गेला आणि जिथं पोरगा मशीन चालवत होता, तिथं खुर्ची ओढून बसला. लोकांना वाटलं, जुना कलाकार आहे, कौतुकानं बघत असेल. सिनेमा सुरू झाला.

मोहाचं झाड पडद्यावर आलं आणि हॉलमधला आवाज गेला.

आधी कोणाला काही वाटलं नाही. मग शिटी आली. "आवाज!" कोणीतरी ओरडलं. "ओ आवाजवाले!" मागून दुसरा म्हणाला, "अरे, सत्कार आवाजवाल्याचाच हाये ना बे?" त्यावर हशा पिकला. पाय आपटायला लागले.

कय्यूम धावत मागं गेला. मशीनवर मुबीनचा हात होता. आवाजाची पट्टी त्यानं खाली ओढून धरली होती, आणि मशीनवाला पोरगा बाजूला घाबरून उभा होता.

"अब्बा, सोडा. लोक काय म्हणून राह्यले?"

"ऐकू येते मले."

"सोडा म्हणतो ना."

"माझं काम मले करू दे," मुबीन म्हणाला. त्यानं पट्टी वर सरकू दिली नाही.

पडद्यावर सुकरी बोलत होती. खाली लोक ओरडत होते. कय्यूमनं वळून पाहिलं तर शेजारच्या रांगेत दिव्यानी पडद्याकडे तोंड करून बसली होती आणि तिचेही ओठ हलत होते. त्या गोंगाटात तिचा आवाज आला नाही. तिच्या हातात फोन होता, त्यावर रेकॉर्डिंग चालू होतं.

नायक घोड्यावर बसला तेव्हा मुबीननं पट्टी वर केली आणि हात मांडीवर घेतला.

मध्यंतरात तो स्टेजवर गेला नाही. शाल कय्यूमनं घेतली. बापाची तब्येत बरी नाही, असं त्यानं माइकवर सांगितलं. घरी येऊन त्यानं ती शाल बापाच्या पलंगावर फेकली. कय्यूम पुढच्या ईदपर्यंत बापाशी बोलला नाही.

नजमा दोनदा एकटी बोडीटोल्याला जाऊन आली. सुकरीनं तिला पाणी दिलं, बसायला खाट दिली, आणि तिच्याकडे न बघता डाळ निवडत बसली. त्या हिवाळ्यात गाठ पुन्हा निघाली. फेब्रुवारीत ती उठेनाशी झाल्याचं नाहीदच्या फोनवर कळलं, तेव्हा मुबीननं कोणाला न विचारता भाड्यानं जीप ठरवली आणि सुकरीला चंद्रपूरच्या दवाखान्यात आणायला पाठवली. जीप रिकामी परत आली. लच्छूनं ड्रायव्हरजवळ निरोप दिला होता: माय म्हणते, आता गरज नाई.

सुकरी 11 मार्च 2023 रोजी बोडीटोल्यात आपल्या घरी वारली. मुबीन त्याच वर्षी नोव्हेंबरच्या नऊ तारखेला चंद्रपुरात वारला. मातीला लच्छू आला नाही.